रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र

रविवारी सकाळी आमच्या बिरसीच्या लहानशा मंडळीत गायनास आरंभ होतो, तेव्हा मागच्या चटईवर बसणाऱ्यांत तीनचार बंधू असे असतात की, जे आठवड्याचे सहा दिवस गोंदियाच्या भातगिरण्यांत पोती वाहतात आणि कोंड्याच्या धुरळ्यात उभे राहून काम करितात. सातव्या दिवशी सुटी असते म्हणूनच त्यांस उपासनेस येता येते. ही सुटी आपल्या देशातील कारखान्यांत कोणी आणली, असे मी एकदा त्यांस विचारले. एकाने सांगितले की, इंग्रज सरकार ख्रिस्ती होते, म्हणून त्याने रविवार पाळावयास लावला. दुसऱ्याने जुन्या मिशनरी साहेबांस याचे श्रेय दिले. दोन्ही उत्तरे चुकीची होती. आणि ही चूक आपल्या पुष्कळ मंडळ्यांत रुजलेली असावी असे वाटल्यावरून हे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्या गृहस्थांच्या खटपटीने मुंबईच्या गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या, ते ख्रिस्ती नव्हते आणि मोठे अधिकारीही नव्हते. ते एका गिरणीतील कारकून होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म इ. स. १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर गावचे, फुलमाळी जातीचे. घरची स्थिती बेताची असल्यामुळे इंग्रजी शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांस नोकरी धरावी लागली. काही काळ रेल्वे व पोस्ट या खात्यांत काढल्यावर ते मुंबईस मांडवी गिरणीत हेडक्लार्क झाले. याच सुमारास पुण्यास महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला होता (१८७३), आणि लोखंडे लवकरच त्या समाजात सामील झाले. फुले हे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले असल्यामुळे त्यांचे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. गुरूने शेतकऱ्याचे दुःख वेशीवर टांगले. शिष्याने तोच शेतकरी गाव सोडून गिरणीत शिरल्यावर त्याचे काय होते याकडे लक्ष दिले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

गिरणीच्या कारकुनास जे दिसते ते बाहेरच्या उपदेशकास दिसत नाही. हजेरीचे पुस्तक, दंडाची नोंद, पगाराची तारीख, यंत्राच्या सामानाचा हिशेब, हे सर्व त्यांच्या हातून जात असे. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, कोणाचे नाव महिन्याच्या मध्यावरच पुस्तकातून नाहीसे झाले, हे त्यांस ठाऊक असे. मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी कावसजी दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ साली केली. त्यानंतर पंचवीसतीस वर्षांत गिरण्यांची धुराडी परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत सर्वत्र दिसू लागली. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, अशी रीत होती. उन्हाळ्यात याचा अर्थ तेरा चौदा तास असा होई. सातआठ वर्षांची मुले तुटलेले धागे जोडीत यंत्रांमधून धावत असत. वाफेच्या इंजिनापासून निघालेले चामडी पट्टे डोक्यावरून व बाजूंनी फिरत. त्यांस आडोसा क्वचित असे. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात गेला की माणूसही त्यामागे ओढला जाई. कापूस पिंजण्याच्या खोलीत हवेत इतके तंतू उडत की श्वासाबरोबर ते छातीत जात, आणि वर्षानुवर्षे तेथे राबणाऱ्यास दम व खोकला जडे. आठवड्याची ठराविक सुटी नसे. मोठ्या सणाच्या दिवशी गिरणी बंद राहिली तरी यंत्रे पुसण्यासाठी मजुरांस बोलावून घेत. पगार महिना उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळे, आणि तोपर्यंत वाण्याचे व्याज वाढे.

याविषयी पहिला कायदा १८८१ साली झाला. त्यामागची हकीकत समजून घेण्याजोगी आहे. विलायतेत लॉर्ड शाफ्ट्सबरी या थोर ख्रिस्ती उमरावाने खाणीत व गिरणीत राबणाऱ्या बायकामुलांसाठी सारे आयुष्य वेचले होते. १८४२ चा खाणींचा कायदा आणि १८४७ चा दहा तासांचा कायदा ही त्यांच्या श्रमाची फळे. वृद्धपणी त्यांनी हिंदुस्थानच्या गिरण्यांचा प्रश्नही उमरावांच्या सभेत काढला. येथपर्यंत आपणांस आनंद वाटावा असेच आहे. परंतु सत्य सांगावयाचे तर त्यांच्या पाठीशी लँकाशायरचे गिरणीमालकही उभे होते, आणि त्यांचा हेतू निराळा होता. मुंबईचे सूत स्वस्त पडते ते महाग व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. त्यामुळे मुंबईच्या मालकांस हा सारा दयाळूपणा म्हणजे व्यापारी डाव वाटला, आणि त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. तशाही स्थितीत सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करून १८७८ साली मजुरांच्या बाजूने कायद्याचा मसुदा तयार केला, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८८१ चा कायदा अगदी तोकडा होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या व यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. त्यास महिन्यातून चार सुट्या द्याव्या. धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावे. अपघात झाल्यास सरकारास कळवावे. एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांसाठी, मग तो पुरुष असो वा स्त्री, कामाच्या तासांची मर्यादा नव्हती, आणि वर्षातून थोडेच महिने चालणारे कारखाने मोकळे सोडले होते. खानदेशात कापसाच्या हंगामात सरकी काढण्याच्या कारखान्यांतून बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसत, आणि त्यांच्याविषयी विचारणारा कोणी नव्हता.

लोखंडे यांच्या हाती या वेळी एक वर्तमानपत्र होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले दीनबंधु हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. पुढे त्यांनी गिरणीची नोकरी सोडली आणि आपला सर्व वेळ मजुरांच्या कामास दिला. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा मजुरांच्या वतीने बोलणारा कोणी तरी पाहिजे, हे ओळखून त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात परळ येथे सुपारीबागेत मजुरांच्या सभा भरविल्या. तेथे एक अर्ज तयार झाला आणि त्यावर ५,५०० मजुरांनी सह्या केल्या. यांतील बहुतेकांस अक्षरओळख नसणार, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या दिवशी ज्याच्या दारात काम मागावयास जावयाचे त्याच्याविरुद्ध कागदावर खूण करणे, ही लहान गोष्ट नव्हती.

अर्जातील मागण्या अशा होत्या. दर रविवारी पुरी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. आणि कामावर असता मजुरास इजा झाली तर बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा. तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

ही शेवटची मागणी वाचताना मी थोडा थांबलो, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांमागे सुगीच्या दिवसांत आमच्या मंडळीतील एका बंधूचा हात मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडून चार बोटे गेली. यंत्राचा धनीही आपल्यातलाच, भला मनुष्य. त्याने दवाखान्याचा खर्च सोसला व तांदळाची दोन पोती जखमी बंधूच्या घरी पोहोचविली. मंडळीने त्याच्या दयेची स्तुती केली आणि मी स्वतः उपासनेत त्याबद्दल उपकारस्तुतीची प्रार्थना केली. त्या पट्ट्यावर जाळी का नव्हती, हे मी विचारले नाही. लोखंडे यांच्या अर्जात दयेचा उल्लेख नाही. इजा झालेल्या मजुराचा पगार हा त्यात देणे म्हणून मागितला आहे, दान म्हणून नव्हे. तो अर्ज वाचल्यापासून मला माझ्या त्या प्रार्थनेची लाज वाटते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याभोवती कठडा घालावयास सांगितले आहे, आणि कठडा नसता कोणी खाली पडला तर दोष पडणाऱ्याच्या निष्काळजीपणाकडे न लावता घरधन्याकडे लावला आहे. हे वचन मी सेमिनरीत शिकलो होतो. ते मळणीयंत्रास लागू पडते, हे मला तेव्हा सुचले नाही. त्या यंत्रावर आता जाळी आहे. ती बसविण्यास थोडा पत्रा, थोडी सळई आणि लोहाराचा एक दिवस एवढेच लागले. बोटे मात्र गेली ती गेली.

कमिशनापुढे अर्ज गेला, पण सरकारने लागलीच काही केले नाही. सहा वर्षे निघून गेली. या सहा वर्षांत लोखंडे दीनबंधूतून लिहीत राहिले, चाळीचाळींतून फिरत राहिले, पुन्हा अर्ज करीत राहिले. त्यांनी गिरण्या जाळाव्या किंवा मालकांस मारावे असे कधी शिकविले नाही. गिरण्या बुडाल्या तर मजुराचीच भाकरी बुडेल, हे कारकुनी केलेल्या त्या मनुष्यास पक्के ठाऊक होते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मी येथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार मजूर जमले होते, आणि त्यांत दोन मजूर स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. त्या काळी थोरामोठ्यांच्या घरची बाई चारचौघांत बोलत नसे, तेथे गिरणीत काम करणाऱ्या बाया दहा हजारांपुढे बोलल्या. रविवारच्या सुटीची मागणी सभेने पुन्हा एकदा मालकांपुढे ठेविली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने दर रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचे ठरविले.

ज्या मजुरांनी ही सुटी मिळविली ते बहुतेक हिंदू व मुसलमान होते. मराठी मजुरांस रविवार हा खंडोबाचा वार म्हणून प्रिय होता असेही सांगतात. त्याच मुंबईत सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, देवळांतून घंटा वाजत, साहेबलोक गाड्यांत बसून उपासनेस जात, आणि त्या गाड्या ज्या रस्त्यांनी जात त्यांच्या कडेलाच गिरण्यांची यंत्रे चालू असत. शब्बाथाची आज्ञा वाचताना तिच्यात दास, दासी आणि गुरेढोरे यांचीही नावे घेतली आहेत, हे आपण पुष्कळदा वाचून सोडून देतो. त्या काळच्या उपासकांपैकी फार थोड्यांस त्या नावांत गिरणीचा मजूर दिसला असेल. हे मी परकीयांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्याही मंडळ्यांत असे वीटभट्टीवाले व मुकादम आहेत की जे स्वतः पहिल्या रांगेत बसतात आणि त्यांची माणसे त्या वेळी भट्टीवर असतात.

त्याच १८९० साली हिंदुस्थान सरकारने नवे कमिशन नेमले. त्यात मुंबईच्या मजुरांची बाजू मांडण्यासाठी लोखंडे यांस सहायक म्हणून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांचा अर्ज दप्तरात पडून राहिला होता, तेच आता चौकशी करणाऱ्यांच्या शेजारी बसले. त्यातून १८९१ चा कायदा निघाला. पन्नास माणसांच्या कारखान्यासही तो लागू झाला. नऊ वर्षांखालील मूल कामावर ठेवण्यास बंदी झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तास व स्त्रियांस अकरा तास ही मर्यादा आली. सर्वांस दुपारी अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यास एक दिवस सुटी ठरली. शिवाय पिण्याचे पाणी, हवा खेळती ठेवणे व कारखान्याची स्वच्छता यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. मालकाने ही कामे आपल्या मर्जीने नव्हे तर कायद्याने करावयाची, आणि ती केली की नाही हे पाहण्यास सरकारी तपासनीस केव्हाही दाराशी येऊ शकतो, ही गोष्ट यामुळे अधिक दृढ झाली.

पुरुषांच्या तासांस मर्यादा १९११ पर्यंत आली नाही, आणि तीही प्रथम कापडगिरण्यांपुरतीच. इजा झालेल्या मजुरास भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला, म्हणजे सुपारीबागेतील अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनी. पगार ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा होण्यास १९३६ साल उजाडले. स्वतंत्र भारताने १९४८ साली मोठा कारखाना कायदा केला, मळणीयंत्रासारख्या धोक्याच्या यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली निराळा कायदा केला, आणि २०२० साली सुरक्षा व आरोग्य यांविषयीचे १३ कायदे एका संहितेत गोवण्यात आले.

सर्वच मालक कायद्याची वाट पाहत बसले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आमच्या भागातील वृद्धांस नागपूरची एम्प्रेस मिल ठाऊक आहे. जमशेटजी टाटा यांनी ती १८७७ साली सुरू केली. तेथे हवा थंड व ओलसर राखण्याची आणि आग लागल्यास वरून पाणी फवारण्याची यंत्रे बसविली होती. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. कायदा होण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी हे झाले, आणि गिरणी बुडाली नाही. उलट तिची भरभराट झाली. खर्च परवडत नाही असे जे मालक नेहमी म्हणतात, त्यांस ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. गोंदियाच्या गिरण्यांतून कोंड्याची राख वाऱ्याने उडून शेजारच्या घरांतील अन्नात व डोळ्यांत पडते, तीविषयी बोलणे निघाले की हेच उत्तर मिळते, म्हणून मुद्दाम लिहिले.

लोखंडे यांनी स्थापन केलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणतात. खरे पाहता तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिहिलेले नियम नव्हते. ती एका माणसाच्या विश्वासावर उभी होती, म्हणून त्याच्यामागे फार टिकली नाही. हा तिचा मोठा दोष होता. परंतु तोपर्यंत मजूर हा फक्त मोजला जात असे. त्याच्या नावाने बोलणारे माणूस सरकारदरबारी प्रथमच बसले. त्यांचे लक्ष गिरणीपुरतेच नव्हते. १८९० साली त्यांनी मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असा त्यांच्याकडून निश्चय करविला. १८९३ साली मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात मोठा दंगा झाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून फिरून त्यांनी समेटाचा यत्न केला. गिरणीत दोन्ही धर्मांचे लोक एकाच पट्ट्याखाली उभे राहत असल्यामुळे त्यांचे बोलणे दोघांसही पटण्याजोगे होते. १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस ग्रंथिक ज्वर, म्हणजे प्लेग, प्रकट झाला. दाटीच्या चाळी, ओल, अंधार व साचलेली घाण यांत तो वणव्यासारखा पसरला, आणि ज्या वस्त्यांत गिरणीचे मजूर राहत त्याच त्यास बळी पडल्या. हजारो मजूर मिळेल त्या गाडीने किंवा पायी आपापल्या गावी पळाले, आणि पुष्कळ गिरण्यांत यंत्रे चालविण्यास माणूस मिळेना. लोखंडे यांस मुंबई सोडता आली असती. कोणी दोष दिला नसता. ते राहिले. रोग्यांस दवाखान्यात नेणे, त्यांच्यासाठी औषधपाण्याची सोय करणे, घाबरलेल्या घरच्यांस धीर देणे ही कामे ते करीत असता त्यांसही त्याच रोगाने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय पन्नाशीच्या आतच होते. सुमारे एका महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करिता करिता सावित्रीबाई फुलेही त्याच रोगाने निवर्तल्या.